तिसरं पाणी

आई, तुझा सबजा मरायला टेकला होता. आता बरा आहे. खरं तर एवढंच सांगायचं होतं, पण एवढ्याने कागद भरत नाही, आणि ज्या पोरीने मला वहीची पानं फाडून दिली ती म्हणते, "सावता, लिहायला बसलीसच तर नीट लिही." सावता म्हणजे आजी. ही तुझी पणती. तू गेलीस तेव्हा हिचा बाप आठ महिन्यांचा होता, आता त्याच्या डोक्यावर केस राहिलेले नाहीत आणि तो इथल्या, किर्यात गात गावच्या, कॉम्प्युटरच्या चिपच्या फॅक्टरीत पांढरी टोपी घालून काम करतो. त्याला मराठी बोललेलं कळतं, उत्तर हिब्रूत देतो. वाचता एक अक्षर येत नाही. पोरीला तर बोललेलंही अर्धंच कळतं. म्हणजे ह्या घरात मराठी वाचणारी मी एकटी, आणि मी किती शिकले ते तुला माहीत आहे, तिसरीतून तूच काढलंस मला. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. तुला कुठे वाचता येत होतं, म्हणून चालेल.

ही पोर दोन वर्षं लष्करात होती. ज्या दिवशी ती पहिल्यांदा पाठीवर तिच्यापेक्षा मोठी पिशवी घेऊन बसमध्ये चढली, त्या दिवशी माझ्या तोंडून नवस निघून गेला, की ही धड परत आली तर मलीदा करीन, एलियाहू हानाबीच्या नावाने पोह्याफळांचं ताट. मी नवस बोलणारी नव्हे. पण निघून गेला तोंडून, आता काय करणार. पोर परत आली, धड आली, उलट जाड होऊन आली. मग मलीदा करणं आलं. पोहे मिळतात, नारळ मिळतो, पाच फळं काय, इथे पन्नास मिळतात, गुलाब मिळतात. राहिली सबज्याची डहाळी. सगळ्यांनी हातात घेऊन वास घ्यायचा आणि बराखा, म्हणजे देवाच्या आभाराचा मंत्र, म्हणायचा. तू तोंडाला लावायच्या पावडरच्या पत्र्याच्या डब्यात जे बी बांधून आणलं होतंस, तेच मी दरसाल पेरत आले. सबजा वर्ष-दीड वर्षापलीकडे जगत नाही, बी धरायचं, वाळवायचं, पुन्हा पेरायचं. चाळीस वर्षांच्या वर केलं. गेल्या साली मात्र डबा न्हाणीच्या वरच्या फळीवर राहिला आणि बियांना ओल लागून बुरशी आली. मार्च महिन्यात होतं नव्हतं ते सगळं पेरलं. उगवलं एक. एकच. ते गेलं की तुझं बी संपलं.

पोर म्हणाली, "सुपरमधून रेहान आणू की, सावता. सबजाच तो." तो सबजा नव्हे. तो बाजारातला रुंद पानाचा, पिझ्झ्यावर टाकायचा. चांगला असतो, मी नावं ठेवत नाही, पण तो तो नव्हे. आणि तुला खरं सांगते, मला तुझ्या आठवणीने गहिवरून वगैरे आलं नव्हतं. मला लाज वाटली असती. मी ज्या कापडाच्या गिरणीत होते ती बंद पडल्यापासून मी गावाबाहेरच्या रोपांच्या नर्सरीत कामाला आहे, आता आठवड्यातून तीन सकाळी जाते. लोक कुंड्या उचलून माझ्याकडे आणतात, हिला काय झालं विचारतात. आणि माझ्याच गॅलरीत माझ्याच हातचं एक रोप मरतं म्हणजे काय?

तर ते एक रोप, सगळ्या घराचं लाडकं झालं. सकाळी उठून जो तो बघून जायचा. माझ्या पोराने, हिच्या बापाने, त्याच्यासाठी मोठी प्लास्टिकची कुंडी आणली. सुनेने लाद्यांवर डाग पडतात म्हणून खाली थाळी ठेवली. ही माझी सून इथेच जन्मलेली, आईबाप मोरोक्कोचे. दवाखान्याच्या खिडकीत बसते, चिठ्ठ्या देते. मला ईमा, म्हणजे आई, म्हणते. तिला वाटलं, सासूचं रोप आहे, आपणही काहीतरी करावं. मेअखेर सबजा असा फोफावला की काय सांगू. पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी, जाड. सून शेजारणीला बोलावून दाखवायची. शेजारीण म्हणायची, बालाबुस्ता आहेस, म्हणजे घर कसं राखावं ते तुझ्याकडून शिकावं. मी एक पान चुरगाळलं आणि नाकाशी धरलं. गवत. नुसतं गवत, आई. सबज्याचा वास नाही. त्याच वेळी मी काय ते ओळखायला हवं होतं. पण म्हटलं कोवळा आहे, येईल वास.

जूनमध्ये पानांची टोकं तांबडी झाली. मग कडा. वाळलेल्या कागदासारख्या, हात लावला की मोडायच्या. मग एका दुपारी हमसीनचा, वाळवंटातला गरम वारा सुटला होता तेव्हा सगळं रोप मान टाकून उभं. माती बघितली तर ओली. सून धावत तांब्या घेऊन आली. "ईमा, तहान लागलीय ह्याला." मी म्हटलं, "थांब." ओल्या मातीत उभं राहून जे झाड मान टाकतं त्याला तहान लागलेली असते हे खरं, पण पाणी घालून ती जाणारी नसते. मातीच्या कडेला, कुंडीच्या काठाला पांढरं जमलेलं. मला वाटलं चुना. इथलं पाणीच चुन्याचं, किटलीतसुद्धा जमतो. मी नखाने थोडं खरवडलं आणि जिभेला लावलं. चुना बेचव असतो. हे खारट होतं, आणि मागून कडू.

हे जिभेचं मला नर्सरीच्या मालकाने शिकवलं. त्रिपोलीचा म्हातारा, आता नाही तो, पाच वर्षं झाली. त्याच्याकडे मातीत खुपसायचं एक यंत्र होतं, त्यावर काटा फिरायचा. मी गेले तेव्हा त्याने मला ते दिलं. मी म्हटलं, मला आकडे वाचता येतात पण तुझा काटा काय म्हणतो ते कळत नाही. तो हसला आणि म्हणाला, मग चाख. पहिल्या महिन्यात मी त्याची अबोलीसारखी दिसणारी दोन हारी रोपं जाळली होती. खताचं निळं पाणी पिंपात कालवायचं होतं, मी घट्ट कालवलं. मला वाटलं, घट्ट तेवढं चांगलं, जास्त ताकद. त्याने ओरडावं म्हणून मी वाट बघत राहिले. ओरडला नाही. एक मेलेलं रोप उपटून त्याच्या मुळ्या दाखवल्या, तपकिरी, टोकं झडलेली, आणि म्हणाला, "खत म्हणजे काय समजतेस तू? मीठ आहे. पातळ दिलं तर जेवण. घट्ट दिलं तर मुळातलं पाणी उलटं बाहेर ओढून घेतं. पाण्यात उभं राहून हे तहानेने मेलं." त्या दिवशी मी घरी आले ती तशीच पलंगावर बसून राहिले. का ते पुढे लिहीन. लिहीन की नाही ते माहीत नाही.

तर खारट लागलं म्हटल्यावर मी घरात शोध घेतला. भांडी घासायच्या ओट्याखाली निळ्या पावडरचा डबा सापडला, अर्धा रिकामा. तो शुक्रवार होता. सुनेची आई आणि बहीण शब्बाथला जेवायला आल्या होत्या. मी डबा नेऊन टेबलावर ठेवला, शब्बाथच्या पावाच्या, चल्लाच्या शेजारी.

"हे कुणाचं?"

सून म्हणाली, "माझं, ईमा. सबज्यासाठी आणलंय. दर रविवारी एक चमचा."

"मला विचारलंस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"मी नर्सरीत काम करते आणि खत तू घालतेस. मग उद्या तुझ्या दवाखान्यात येऊन मी सुया टोचते."

पोर फस्सकन हसली आणि आईकडे बघून गप्प झाली. सून लाल झाली. ती म्हणाली, "डब्यावर लिहिलंय तेवढंच घातलं. जास्त एक कण नाही. वाचा हवं तर."

मला ते वाचता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. दुकानाची पाटी वाचते, बसचा नंबर वाचते, डब्यावरची बारीक अक्षरं नाही. तिने मुद्दाम म्हटलं नव्हतं. पण मला लागलं. मग मी तिच्या आईकडे वळून म्हटलं, "तुमच्या मुलीला वाचता येतं, कळत मात्र काही नाही. असंच घालत राहिली तर मारील ते." पोराने म्हटलं, "ईमा, दाय." दाय म्हणजे पुरे. त्याची सासू ताटातला मासा बघत राहिली. सून उठून आत गेली ती गोड घेऊनच बाहेर आली, सगळ्यांना वाढलं, मलाही वाढलं. मी डबा माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

शब्बाथ संपला आणि मी कामाला लागले. हे काम मला येतं. आधी खालची थाळी फेकली, कारण कुंडीतून निघालेलं खारं पाणी त्यातच साचायचं आणि माती ते पुन्हा वर ओढून घ्यायची. मग चमच्याने वरची पांढरी माती बोटभर काढली आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. जळलेली पानं सगळी नाही काढली, अर्धी ठेवली, पान म्हणजे झाडाचं तोंड, ते पाहिजे. काही लोक आजारी झाडाची लगेच कुंडी बदलतात, मुळं हलवतात, आणि मग माझ्याकडे येऊन रडतात. कुंडी उचलून न्हाणीघरात जाळीवर ठेवली आणि पाणी सोडलं. धो धो नाही. हळू, सगळीकडून, मातीला प्यायला वेळ देत, कुंडीभर. ते खालून निघालं, पिवळट. चाखलं, खारट. अर्धा तास थांबले. पुन्हा कुंडीभर. कमी खारट. पुन्हा अर्धा तास. तिसरं पाणी निघालं ते स्वच्छ होतं आणि चव पाण्याची होती.

हे करताना तुझं स्वयंपाकघर डोळ्यासमोर आलं. हातच तसे चालत होते. अलिबागकडचं आपलं ते घर, मागच्या पडवीत तिरकी फळी लावलेली. तू मांस अर्धा तास पाण्यात भिजवतेस, मग जाडं मीठ लावून तासभर फळीवर ठेवतेस, आपल्यात रक्त खात नाहीत म्हणून ते निथळून जाऊ देतेस, आणि मग तीन पाण्यांनी धुतेस. मी सात वर्षांची असेन. तू म्हणतेस, पाणी टाकून ये. मी पहिलं पाणी, लाल आणि खारं, उचलते आणि जवळ म्हणून सबज्याच्या आळ्यात ओतते. तू आलीस आणि उलथन्याने माझ्या हातावर दिलंस. "पहिलं पाणी गटारात. दुसरं गटारात. तिसरं झाडाला." मी रडले तर म्हणालीस, "मेलं ते झाड तर तुझा बाप देणार आहे का दुसरं?" बाप तेव्हा मुंबईला होता, तो काहीच देत नव्हता. त्या दिवसापासून तिसरं पाणी झाडाला, हे माझ्या हातात बसलं. मासे धुतलेलंही. तू म्हणायचीस, रक्ताचं पाणी म्हणजे झाडाला जोर.

असो. तीन पाणी दिल्यावर कुंडी सावलीत ठेवली आणि खत बंद. मातीत बोट घालून दोन पेर कोरडं लागेल तेव्हाच पाणी, आणि तेही नळाचं नको म्हटलं. एअर कंडिशनरची नळी गॅलरीत टपटपते, त्याच्याखाली बादली ठेवली. त्या पाण्यात काहीच नसतं, ना चुना ना मीठ, आकाशातून पडावं तसं. आणि ही बादली ठेवायचं सुनेने सुचवलं, मी नव्हे. तिने फक्त एवढंच म्हटलं, "हे पाणी चालेल का?" मी म्हटलं, "चालेल." त्या आठवड्यात आमचं तेवढंच बोलणं झालं.

बारा दिवसांनी बेचक्यात नवी पानं दिसली. लहान, फिकट, नखाएवढी. मी खूश झाले. मलीदा सुकोथच्या सणानंतर ठरला होता, म्हटलं वेळ आहे. आणि मग जुलैच्या अखेरीस मातीवर पुन्हा पांढरं. नव्या पानांची टोकं पुन्हा तांबडी. मी पहिल्यांदा कपाट उघडलं. कुलूप जागच्या जागी, डबा जागच्या जागी, मी दोरा बांधून ठेवला होता तो तसाच. तरी मी सुनेवरच संशय घेतला. म्हटलं दुसरा डबा आणला असेल. तिची पर्ससुद्धा बघितली असती, आई, पण पोर समोर बसून पायाच्या नखांना रंग लावत होती.

मी ठरवलं, पाळत ठेवायची. जे जे कुंडीत पडतं ते चाखायचं. बादलीतलं पाणी चाखलं, नुसतं पाणी. नळ चाखला. सोमवार, मंगळवार, बुधवार कुणी काही घातलं नाही. शुक्रवारी सकाळी मी कोंबडी धुवायला घेतली. इथे कोंबडी दुकानातूनच खारवून, धुवून, शिक्का मारून येते. घरी मीठ लावायची गरज नाही, इथल्या कुणाच्या घरी लावत नाहीत. पण दुकानवाल्याचा काय भरोसा, तो काय माझ्या देखत धुतो? मी आपली पुन्हा मीठ लावते, तासभर तिरक्या ताटात ठेवते आणि तीन पाण्यांनी धुते. पहिलं मोरीत. दुसरं मोरीत. तिसरं पातेल्यात धरलं, गॅलरीत गेले आणि सबज्याला ओतायला पातेलं कलतं केलं. मग आठवलं की आज सगळं चाखायचं आहे. बोट बुडवलं, जिभेला लावलं.

तशीच उभी राहिले. दोनदा खारवलेल्या कोंबडीचं तिसरं पाणी काय गोड लागणार. दर शुक्रवारी, मार्चपासून. आणि जेव्हा पानं मरगळली तेव्हा मीच जोर यावा म्हणून मासे धुतलेलंही घालत होते, मासे आणले की. पातेलं हातात होतं आणि हात आपोआप गेला होता. हात विचारत नाहीत. तुझ्या पडवीत हे चालायचं, कारण पाच महिने तिथे आभाळ मातीला धुऊन काढायचं, असलं-नसलं मीठ खाडीत जायचं. इथे एप्रिल सरल्यापासून नोव्हेंबरपर्यंत एक थेंब नाही. आणि वरून माझ्या कुंडीवर छप्पर. तुझी चूक नाही ह्यात. तू आळं बघून सांगितलं होतंस, मी कुंडीत केलं. इतकी वर्षं झाडं कशी वाचली म्हणशील, तर तेव्हा ती घराबाहेर पत्र्याच्या डब्यात होती, डब्याला भोकं होती, आणि हिवाळ्यातला थोडा पाऊस लागायचा. गेल्या सालीच आम्ही ह्या नव्या घरात तिसऱ्या मजल्यावर आलो.

निळ्या पावडरने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. लहान रोपाला दर आठवड्याला चमचा म्हणजे जास्तच, वास त्यानेच गेला. डब्यावर लिहिणाऱ्याला डबा विकायचा असतो. पण जाळलं ते मी. तिच्या खतावर माझं मीठ. सून रागाने सोडून देणारी असती तर त्या शुक्रवारीच तिने कुंडी उचलून फेकून दिली असती.

मी पातेलं मोरीत उपडं केलं आणि कुंडी पुन्हा जाळीवर ठेवली. सून कामावरून आली तेव्हा मी न्हाणीघरात स्टुलावर बसून दुसरं पाणी निथळायची वाट बघत होते. ती दारात उभी राहिली.

"पुन्हा?"

"पुन्हा."

"मी काही घातलं नाही, ईमा."

"माहीत आहे. पाणी माझं होतं. कोंबडीचं."

ती एकदम हसायला लागली, तोंडावर हात ठेवून.

"हसतेस काय?"

"मी दर शुक्रवारी बघायचे ना. मला वाटायचं काहीतरी इंडियन पद्धत असेल. धर्माचं काही असेल."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? तुझ्या आईसमोर मी तुला एवढं बोलले!"

"तुमचं झाड," ती म्हणाली. "आणि तुम्ही नर्सरीत काम करता."

मी म्हटलं, "बादली आण." तिने एअर कंडिशनरची बादली आणली, तिसरं पाणी तिनेच घातलं, हळू, मी सांगितलं तसं. मी माफी वगैरे मागितली नाही. मला ते जमत नाही, आणि तिला अवघडल्यासारखं झालं असतं. रविवारी मी कपाटाचं कुलूप काढून डबा ओट्याखाली परत ठेवला आणि तिला म्हटलं, महिन्यातून एकदा, पाव चमचा, ते सुद्धा पावसाळा... म्हणजे हिवाळा सरल्यावर. पुढच्या वेळी तिची आई आली तेव्हा मीच तिला सांगितलं, झाड मी मारत होते, तुमची मुलगी नव्हे. तिने मला पाठीत थापटलं आणि अरबीत काहीतरी म्हणाली. सुनेला विचारलं तर म्हणते, भाषांतर होत नाही.

मलीदा झाला. झाड काही मोठं झालं नाही, वीतभर, पानं बारकी. पण गॅलरीचं दार उघडलं की वास आत यायचा. मी पाच डहाळ्या काढल्या आणि तुरे तसेच ठेवले, बी धरायला. ताटात पोहे, गूळ, खोबरं, फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या, एलियाहू हानाबीचं, आपल्या संदेष्ट्याचं, नाव घेतलं, आणि डहाळी हातोहात फिरली. पोराच्या फॅक्टरीतला एक रशियन आला होता, त्याला वाटलं खायची आहे, त्याने पान खाल्लं. पोरीने डहाळी नाकाशी धरली आणि म्हणाली, "सावता, हा वास तर तुझ्या साडीचा आहे." साडी मी वर्षातून दोनदा नेसते. म्हणजे कपाटात तुझा डबा साडीशेजारी असायचा, म्हणून.

आता ते पुढे लिहीन म्हटलं होतं ते.

हिचा बाप चार महिन्यांचा असताना सुकत गेला होता. माझं दूध आटलं होतं, डब्यातलं देत होते. पोर रात्रंदिवस रडायचं, ओठ कोरडे, टाळू खोल गेलेली. तू त्याला तांदळाची पेज चमच्याने द्यायचीस, वरचं निवळ पाणी, चिमूटभर मीठ. मी त्याला बाळांच्या दवाखान्यात नेलं, तू सोबत आलीस. रोमानियाची ती जाड नर्स, तिने विचारलं, दुधाशिवाय काय देता? मी तुझ्याकडे बोट दाखवलं. रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर मी म्हटलं, हिला काही कळत नाही, ऐकत नाही, ही असंच घालत राहिली तर पोराला मारील. नर्सला कळावं म्हणून मोडक्या हिब्रूत म्हटलं, आणि तुला कळावं म्हणून पुन्हा मराठीत.  त्यानंतर तू पोराला भरवलं नाहीस. त्याला मांडीवर घ्यायचीस तेव्हाही हात तुझ्या बाजूला ठेवायचीस. मीच उचलून द्यायचे आणि मीच घ्यायचे. चार महिन्यांनी, हिवाळ्यात, तू गेलीस. त्याच्या आधी एका दिवशी बियांचा तो पावडरचा डबा माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "ह्याला फार काही लागत नाही." मी म्हटलं, ठेव तिथे.

दवाखान्यात गेलो त्याच्या पुढच्या आठवड्यात ती नर्स एकटीच घरी आली होती. तू दळण आणायला... नाही, इथे कसलं दळण, दुकानाच्या रांगेत गेली होतीस. ती म्हणाली, मला दूध कालवून दाखव. मी कालवलं. डब्यातला चमचा, वर डोंगर केलेला, एकाच्या जागी दोन. डब्यावर काय लिहिलंय ते मला कुठे कळत होतं, मला वाटलं घट्ट तेवढी ताकद. तिने माझ्या हातातून चमचा घेतला, सुरीने सपाट केला आणि म्हणाली, एक. मग म्हणाली, आणि पाणी पाज त्याला, तहान लागलीय. त्या वेळी मला का ते कळलं नाही, फक्त चमचा कळला. का ते त्रिपोलीच्या म्हाताऱ्याने सांगितलं, तीस वर्षांनी. पण चमचा मला त्याच दिवशी कळला होता.

तीन दिवसांत पोर हसायला लागलं. तू कोपऱ्यात बसून बघत होतीस. तूच म्हणालीस, "बघ, माझी पेज बंद झाली आणि पोर सुधारलं." मी म्हटलं, "हं."

बी आता वाळलंय, बांधायला कागद लागेल. ह्याच पानांच्या पुड्या करीन, घरात कुणाला वाचता येत नाहीत. पेज पातळच होती तुझी, आई. चमचे माझे होते.